चष्मा उतरवल्यानंतर

शाळेत नवे यंत्र आले की पालकांना आधी कौतुक वाटते, मग धास्ती. आभासी वास्तवाच्या चष्म्याचेही तसेच आहे.

त्याचे मूळ तसे जुनेच. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली जुळवतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवले. मान वळवताच चित्रही वळावे, ही किमया आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये साधली. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा स्वस्त चष्मा काढला आणि तो वर्गांत शिरला. २०२१ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवलीही. यंत्रे अशी येतात, जातात. शिक्षक मागे उरतो.

म्हणून मला वाटते, रोह्याच्या मुलांना कुंडलिका चष्म्यातून दाखवू नये. सरळ काठावर न्यावे. पण धडधडत्या हृदयाच्या कप्प्यांत पायी कसे जाणार? तिथे चष्मा जरूर हवा.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा नई तालीमचे पुरस्कर्ते. हातांना काम मिळाल्याखेरीज ज्ञान मुरत नाही, हे त्या शिक्षणाचे सार. चष्मा डोळे दिपवतो, हात मात्र रिकामेच ठेवतो.

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत शाडू आहेच. दहा मिनिटे हृदय पाहून झाल्यावर मुलांपुढे एकेक गोळा ठेवावा आणि म्हणावे, ‘आता घडव.’ कुठला कप्पा कुठे, इथे बोटे अडतील, मूल प्रश्न विचारील. शिकणे सुरू होते ते तिथे.