लॅपटॉप 'स्लीप'मधून जागाच होत नाही? बिघाड नेमका कुठे, हे असं शोधतात

झाकण उघडलं तर स्क्रीन काळी, पंखा सुरू आणि कीबोर्ड ढिम्म. शेवटी पॉवर बटण दाबून धरायचं आणि सेव्ह न केलेलं काम गमवायचं. अशा वेळी 'फॉरमॅट मारा' हा सल्ला हमखास मिळतो. पण दोष ड्रायव्हर किंवा बायोसमध्ये असेल, तर फॉरमॅटनंतरही तो तसाच राहू शकतो.

दोष सापडत का नाही?

स्लीपमध्ये रॅम सोडून बहुतेक भाग बंद होतात. कॉम्प्युटर अडकतो तेव्हा चूक दाखवायला स्क्रीन नसते आणि नोंदवायला डिस्कही नसते. रीस्टार्ट केलं की रॅममधलंही जातं.

टप्प्याटप्प्याने चाचणी

समजा, बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालेली गाडी वाटेत कुठेतरी अडकते. मग तिला आधी चांदूर रेल्वेपर्यंत नेऊन परत आणायचं, नंतर धामणगाव रेल्वेपर्यंत, नंतर पुलगावपर्यंत. धामणगावहून परतली, पण पुलगावच्या फेरीत अडकली, तर दोष या दोन स्टेशनांच्या मध्ये.

लिनक्समधली 'पीएम टेस्ट' ही सोय हेच करते. तिचे टप्पे पाच:

1. सुरू असलेले प्रोग्रॅम गोठवणे
2. उपकरणं झोपवणे
3. बायोसशी संबंधित तयारी
4. एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद करणे
5. उरलेला गाभा थांबवणे

ठरवलेल्या टप्प्यावर कॉम्प्युटर 5 सेकंद थांबतो आणि परत फिरतो. दुसऱ्या टप्प्यावर अडकला, तर संशय ड्रायव्हरवर. मग निम्मे ड्रायव्हर काढून पुन्हा चाचणी घ्यायची. दोषी एकच असेल, तर 64 ड्रायव्हरमधून तो 6 फेऱ्यांत सापडतो.

घड्याळातली खूण

सगळ्या चाचण्या पास, तरी खऱ्या स्लीपमधून जाग येत नसेल तर? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2006 मध्ये यावर युक्ती काढली. मदरबोर्डवरचं घड्याळ रीस्टार्टनंतरही चालू राहतं. 'पीएम ट्रेस' प्रत्येक पायरीची खूण त्याच घड्याळात तारीख-वेळेच्या रूपात लिहितं. हँग झाल्यावर साधारण 3 मिनिटांच्या आत रीस्टार्ट केलं, तर शेवटची खूण वाचता येते. फक्त नंतर तारीख नीट करावी लागते.

घरी काय करावं?

झाकण बंद करण्याआधी काम सेव्ह करा. बायोस आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. बाहेरून जोडलेली यूएसबी उपकरणं काढून पाहा. त्रास कोणत्या अपडेटनंतर सुरू झाला, ते लिहून ठेवा. दुरुस्तीला देताना ही माहिती द्या आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या.