न आलेले न्हाण : एका विरळ जन्मजात न्यूनतेची ओळख

तमिळ मुलखात मुलगी प्रथम ऋतुमती झाली म्हणजे ‘मंजळ नीराट्टु विळा’ नावाचा समारंभ करण्याची चाल आहे. हळदीच्या पाण्याने स्नान, नवे रेशमी वस्त्र, मामाकडून आहेर, आणि पुष्कळ घरी निमंत्रणपत्रिका छापून जेवणावळ, असा त्याचा थाट असतो. चेन्नईसारख्या महानगरातही तो पाहावयास मिळतो. आपल्याकडेही काही पिढ्यांपूर्वी मुलीस न्हाण आले की तिला मखरात बसवीत आणि आप्तस्त्रिया तिचे कोडकौतुक करीत. ही चाल महाराष्ट्रात आता बहुतांशी मागे पडली आहे. तिच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु अशा समारंभामुळे जी बाब वस्तुतः एका मुलीच्या शरीरापुरती, ती सगळ्या गोताची होऊन बसते. मग ज्या घरी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली तरी हळदीचे पाणी काढण्याचा प्रसंग येत नाही, त्या घरी शेजारणी विचारणा करू लागतात, आई नवस बोलते, आणि मुलगी मात्र कोणापाशी काही बोलू शकत नाही.

न्हाण लांबण्याची कारणे अनेक आहेत. काही घराण्यांत ते उशिराच येते. अपुरे पोषण, दीर्घ आजार, अवटु ग्रंथीचे विकार ह्यांमुळेही विलंब होतो. परंतु अंगलट भरलेली आहे, स्तनांची वाढ वयाप्रमाणे झालेली आहे, प्रकृती निरोगी आहे, आणि तरीही पंधरा वर्षे पूर्ण होऊन पाळी आलेली नाही, अशा मुलींपैकी काहींच्या बाबतीत एक निराळेच कारण आढळते. त्यांच्या शरीरात गर्भाशयच घडलेले नसते, आणि योनिमार्गही नसतो किंवा एखाद्या उथळ खळगीएवढाच असतो. वैद्यकात ह्या अवस्थेस मायर-रोकिटान्स्की-क्युस्टर-हाउसर लक्षणसमूह असे लांबलचक नाव आहे. आपण सोयीसाठी रोकिटान्स्की अवस्था म्हणू.

सुमारे साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक, असे हिचे प्रमाण सांगतात. २०११ च्या जनगणनेत चेन्नई शहराची वस्ती सुमारे साडेशेहेचाळीस लाख भरली होती. त्यांपैकी निम्म्या स्त्रिया धरल्या, तर त्या एका शहरातच अशा साडेचारशेहून अधिक स्त्रिया असल्या पाहिजेत. तेव्हा ही अवस्था विरळ खरी, पण नवलाईची नव्हे. ती नवलाईची वाटते, कारण तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

गर्भाशय नाही, मग स्त्रीत्वाची इतर लक्षणे कोठून आली, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर भ्रूणाच्या घडणीत आहे, आणि ते मोठे मनोरंजक आहे.

गर्भधारणेनंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास भ्रूण मुलगा व्हावयाचा असो की मुलगी, त्याच्या उदरात नलिकांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीस वोल्फ ह्या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे, दुसरीस योहानेस म्युलर ह्याचे. त्याने १८३० साली तिचे वर्णन केले. पुढे मुलाच्या शरीरात वृषणे तयार होतात, आणि त्यांतून पाझरणारे एक हॉर्मोन म्युलरच्या नलिका विरवून टाकते. मुलीच्या शरीरात हे हॉर्मोन त्या वेळी नसल्याने त्या नलिका टिकतात. त्यांची वरची टोके वेगवेगळी राहून अंडवाहिन्या होतात. खालचे भाग एकमेकांजवळ येऊन जुळतात, मधला पडदा विरतो, आणि गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. योनिमार्गाचा खालचा भाग बाहेरच्या बाजूने येऊन त्यास मिळतो. आरंभी तो भरीव असतो. तो पोखरला जाऊन मार्ग मोकळा होण्यास गर्भाचा पाचवा महिना उजाडतो. दोन बाजूंनी खणत आलेल्या बोगद्याचे काम जसे मध्ये जुळावे लागते, तसेच हे आहे.

वृषणांच्या ह्या कामगिरीचा पुरावा आल्फ्रेड झोस्त ह्या फ्रेंच संशोधकाने १९४७ साली दिला. सशाच्या गर्भातील पिलांची जननग्रंथी त्याने पोटातल्या पोटातच काढून टाकली. पिलू नर असो वा मादी, पुढे त्याच्या अंगी घडण झाली ती मादीची! एवढ्याशा पिलावर, ते आईच्या उदरात असताना, अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताच्या कौशल्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा असा की अंडाशये ह्या नलिकांपासून होत नाहीत. त्यांचे मूळ शेजारच्या दुसऱ्याच उंचवट्यात असते. म्हणून म्युलरच्या नलिकांची घडण कोठे तरी अडली, तरी अंडाशये बहुधा सुरक्षित राहतात. ती योग्य वयात हॉर्मोन स्रवू लागतात, स्तन वाढतात, दर महिन्यास अंडपेशीही पक्व होते. गुणसूत्रे इतर कोणाही स्त्रीसारखीच असतात. फक्त ज्या अस्तरातून रक्तस्राव व्हावयाचा ते अस्तरच नसते, म्हणून पाळी येत नाही. मूत्रपिंडाची घडण मात्र वोल्फच्या नलिकेशी निगडित असते, आणि ती नलिका म्युलरच्या नलिकेस अगदी खेटून असते. त्यामुळे ह्या अवस्थेतील सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांत मूत्रपिंड एकच असणे, किंवा ते जागेवर नसणे, असे दोष आढळतात. काहींच्या पाठीच्या मणक्यांतही दोष असतो. निदान झाल्यावर मूत्रपिंडे तपासलीच पाहिजेत, असा जो नियम आहे, तो ह्या शेजारामुळे.

नलिकांची घडण अडते का, ह्याचे समाधानकारक उत्तर अजून सापडलेले नाही. थोड्या कुटुंबांत ती एकाहून अधिक स्त्रियांत दिसली आहे. उलट एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीसच ती असल्याचीही उदाहरणे आहेत. आईने गरोदरपणी अमुक खाल्ले, ग्रहण पाहिले, ओझे उचलले, म्हणून असे झाले, ह्यास काडीचाही आधार नाही.

आईस बोल लावण्याची ही खोड मात्र फार जुनी. चरकसंहितेत योनीचे वीस विकार सांगितले आहेत. त्यांतील ‘सूचीमुखी’ म्हणजे जिचे द्वार सुईच्या अग्राएवढे सूक्ष्म आहे ती. गर्भावस्थेतच वायू कोपून हे घडते असे सांगताना ग्रंथकाराने कारण म्हणून मातेच्याच दोषाकडे बोट दाखविले आहे. ‘षण्ढी’ नावाचा आणखी एक प्रकार तेथे येतो, आणि तो उपचारापलीकडचा मानला आहे. परंतु तिला स्तन नसतात असे वर्णन असल्याने तो रोकिटान्स्की अवस्थेशी जुळत नाही. जुन्या ग्रंथांत आजचे सारे काही शोधण्याचा मोह आपल्याकडे फार. येथे तो आवरलेला बरा. मात्र दोष जन्मापूर्वीच, गर्भाच्या घडणीत उत्पन्न होतो, हे त्या वैद्यांच्या ध्यानी आले होते, ही निरीक्षणाची सूक्ष्मता मान्य करावयास हवी.

युरोपात मायर ह्याने १८२९ साली, व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने १८३८ साली शवविच्छेदनाच्या आधारे, क्युस्टरने १९१० साली आणि हाउसरने १९६१ साली आपापली भर घातली. चौघांची नावे एका दोरीत ओवली गेली ती अशी. रोग्याच्या दृष्टीने त्यांपैकी हाउसरचे काम विशेष मोलाचे. ही अवस्था आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक अवस्था, जिच्यात गुणसूत्रे पुरुषाची असून शरीर पुरुषी हॉर्मोनला दाद देत नाही, ह्यांतील भेद त्याने स्पष्ट केला. आज हा भेद रक्तातील हॉर्मोन व गुणसूत्रे तपासून निश्चित करतात.

घरच्या माणसांनी लक्षात ठेवावा असा आणखी एक भेद आहे, आणि तो दुखण्याचा आहे. पाळी आलेली नाही, पण दर महिन्यास ओटीपोटात चार-सहा दिवस कळा येतात, पुढे पुढे पोटात गोळा लागतो, लघवी अडते, अशी तक्रार असेल तर गर्भाशय आहे, रक्तही सुटते आहे, फक्त वाट बंद आहे, असे समजावे. पुष्कळदा योनिद्वारावरील पडद्यास छिद्रच नसते; साठलेले रक्त एका लहानशा शस्त्रक्रियेने मोकळे करता येते. हा पडदा कोशांत ‘कौमार्यपटल’ ह्या नावाने येतो. हा शब्द टाकून ‘योनिपटल’ म्हणावे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. कारण त्या पडद्याच्या असण्यानसण्यावरून शीलाची परीक्षा होत नाही, आणि शब्द मात्र तशी समजूत रुजवितो. रोकिटान्स्की अवस्थेत बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती लग्नापर्यंत दडून राहते. गर्भाशयाचे जे अवशेष असतात त्यांत क्वचित अस्तर असल्यास कळा येऊ शकतात, हा अपवाद.

तपासणीस फारसा खटाटोप लागत नाही. पोटावरून केलेली सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय, आणि रक्ततपासणी एवढ्याने निदान होते. चेन्नईच्या एळुंबूर भागातील सरकारी स्त्री-रुग्णालय १८४४ साली सुरू झाले. स्त्रीस आपले दुखणे स्त्री-डॉक्टरपाशी सांगता यावे, ही गरजही ह्या शहराने लवकर ओळखली. १८७५ साली मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या चार स्त्रियांपैकी एक, मेरी शार्लीब, हिने १८८५ साली पडद्यातील स्त्रियांसाठी रुग्णालय काढले. तेच आज तिरुवल्लिक्केणी येथे कस्तुरबा गांधींच्या नावाने ओळखले जाते.

उपचार दोन प्रकारचे. पहिला बिनशस्त्राचा. योनीच्या जागी जी खळगी असते तिच्यावर गुळगुळीत शलाकेने रोज थोडा वेळ बेताचा दाब द्यावयाचा आणि शलाकेचे आकारमान हळूहळू वाढवीत न्यावयाचे. तेथील त्वचा लवचीक असल्याने काही महिन्यांत पुरेशा लांबीचा मार्ग तयार होतो. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँकने ही पद्धत १९३८ साली मांडली. मुलीची स्वतःची इच्छा आणि चिकाटी असेल तर दहापैकी नऊजणींस ती पुरते, असा अनुभव आहे, आणि म्हणून प्रथम तीच सुचवितात. दुसरा प्रकार शस्त्रक्रियेचा. त्याच १९३८ साली लंडनमध्ये आर्चिबाल्ड मॅकिंडोने मांडीची पातळ त्वचा साच्यावर गुंडाळून नवा मार्ग घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे महायुद्धात होरपळलेल्या वैमानिकांचे चेहरे घडविणारा तो हाच. भारतात त्वचेऐवजी प्रसूतीनंतर मिळणारे गर्भावरण वापरण्याची रीतही रूढ आहे. शस्त्रक्रियेनंतर मार्ग आकसू नये म्हणून शलाका काही काळ वापरावीच लागते.

ह्यांपैकी कोणताही उपचार प्रकृतीसाठी निकडीचा नसतो. तो केव्हा करावयाचा, किंवा करावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्या मुलीचा. तिच्या आईबापांचा नव्हे, आणि भावी सासरचा तर नव्हेच. लग्न ठरले की घाईघाईने मुलीस टेबलावर चढवावयाचे, हा प्रकार क्रूर तर आहेच, पण वैद्यकीय दृष्ट्याही चुकीचा. कारण मनाविरुद्ध शलाका कोणी वापरीत नाही. लग्नापूर्वी मुलाकडील मंडळींपासून ही गोष्ट लपविण्याचा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक गोतात असतात. त्या सल्ल्याची किंमत पुढे एकट्या मुलीस मोजावी लागते.

मग संततीचे काय? अंडपेशी आहे, गर्भाशय नाही, अशा स्थितीत तिची अंडपेशी व पतीचे शुक्रबीज ह्यांपासून शरीराबाहेर भ्रूण तयार करून दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढविता येतो. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार आपल्या देशात हे पैशाच्या मोबदल्यावाचूनच करता येते, आणि गर्भाशय नसणे हे त्यासाठी मान्य कारण आहे. दुसरा मार्ग गर्भाशयाच्या रोपणाचा. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे सप्टेंबर २०१४ मध्ये रोपण केलेल्या गर्भाशयातून पहिले मूल जन्मले. त्याची आई रोकिटान्स्की अवस्थेतीलच होती. पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका तरुणीस तिच्या आईचे गर्भाशय बसविले. भारतातील हे पहिले रोपण. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथेच जे मूल जन्मले ते मात्र दुसऱ्या एका स्त्रीचे. तिचे गर्भाशय जन्मतः होते, पुढे निकामी झाले होते. रोपण केलेले गर्भाशय एकदोन बाळंतपणांनंतर काढून टाकतात, म्हणजे ते शरीराने नाकारू नये म्हणून घ्यावी लागणारी औषधे जन्मभर घ्यावी लागत नाहीत.

चेन्नईचा संबंध येथे पुन्हा येतो. मार्च २०२३ मध्ये सरोगसीच्या नियमांत बदल होऊन अंडपेशी व शुक्रबीज दोन्ही त्या जोडप्याचीच असली पाहिजेत असे ठरले. ह्या कायद्यास आव्हान देणारी चेन्नईचे वंध्यत्वतज्ज्ञ डॉ. अरुण मुथुवेल ह्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे होतीच. तीत रोकिटान्स्की अवस्थेतील एका विवाहितेने अर्ज केला. वैद्यकीय नोंदींनुसार तिच्या बाबतीत अंडाशयेही नव्हती, म्हणजे स्वतःची अंडपेशी देणे तिला अशक्य होते. ज्या कारणासाठी कायदा सरोगसीची मुभा देतो, त्याच कारणाने नियम तिला बाहेर ठेवीत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने तिच्यापुरती त्या अटीस स्थगिती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियमच बदलला, आणि पतीपत्नींपैकी एकास वैद्यकीय अडचण असल्याचे जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केल्यास दात्याची अंडपेशी किंवा शुक्रबीज वापरण्याची मुभा दिली. दोहोंपैकी एक मात्र त्या जोडप्याचे असावयास हवे.