हवा मोजणारी तार

अमरावती–नागपूर महामार्गावरच्या तिवशात कापसाच्या हंगामात फुफाटा काही कमी नसतो. एअर फिल्टर फाटका किंवा सैल बसलेला असेल, तर ही धूळ थेट एअरफ्लो (एमएएफ) सेन्सरवर जाऊन बसते. सेन्सरमधली बारीक तार विजेने तापवलेली असते. आत येणारी हवा तिला किती थंड करते, त्यावरून इंजिनात किती हवा शिरली हे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला कळतं आणि तो तेवढं इंधन सोडतो. तारेवर थर चढला की हिशेब चुकतो: पिकअप मरतो, आयडलिंग डगमगतं, चेक इंजिनचा दिवा लागतो.

स्कॅनरवर पी०१०१, पी०१०२ किंवा पी०१०३ हा कोड दिसला म्हणून लगेच नवा सेन्सर घेऊ नका. आधी सेन्सरपुढचा रबरी पाइप चिरलाय का, कनेक्टर सैल झालाय का, ते पाहा. खोट बरेचदा तिथेच निघते. गरम पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना, ढोबळमानाने, जितक्या लिटरचं इंजिन तितके ग्रॅम हवा दर सेकंदाला स्कॅनरवर दिसावी. सफाईला एमएएफ क्लीनरच वापरा. कार्ब्युरेटर क्लीनर, ब्रश, कम्प्रेसरची हवा अजिबात नको. पूर्ण वाळल्यावरच जोडणी करा. आणि हो, अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. तिथे मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो.