अक्ष बदला, आलेख बोलू लागेल

'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेसोबत 'आयलंड्स' नावाचा माहितीसंच आयताच मिळतो. त्यात ४८ मोठ्या भूभागांचे क्षेत्रफळ हजार चौरस मैलांत दिले आहे: आशिया १६,९८८, तर तैवान फक्त १४. साध्या अक्षावर आलेख काढला, की खंड दूर पसरतात आणि बहुतेक बेटे शून्यापाशी दाटीवाटीने बसतात. लॉग अक्ष घेतला, की १०, १००, १००० या खुणा समान अंतरावर येतात आणि लहान बेटांमधला फरकही स्पष्ट दिसतो.

अक्षावरच्या खुणा 'आर' स्वतःच ठरवते. त्या नको असतील, तर मूळ अक्ष दडवून 'अ‍ॅक्सिस' या आज्ञेने हव्या त्या जागी खुणा आणि नावे घालता येतात.

'आर'मधले 'जीजीप्लॉट२' हे आलेखांचे पॅकेज वापरताना मात्र सावध राहा. तिथे 'वायलिम' या आज्ञेने उभ्या अक्षाला मर्यादा घातली, तर तिच्याबाहेरचे बिंदू गाळले जातात आणि कलरेषा उरलेल्या बिंदूंवरूनच काढली जाते. फक्त जवळून पाहायचे असेल, तर 'कोऑर्ड कार्टेशियन' वापरा.

स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा आणि लॉग अक्ष घेतला असेल, तर तसे आलेखावर ठळकपणे लिहा. वाचकाचा तो हक्कच आहे.