सही जुळत नाही

बँकेच्या नोकरीत मी तीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या. एक नजर चेकवर, एक कार्डावर, की निकाल तयार! या नजरेचा ताठा निवृत्तीनंतरही सुटला नव्हता. तो उतरवला एका फुलपाखराने.

गेल्या सप्टेंबरात नातीबरोबर पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलो होतो. पावसाने उघडीप दिली होती. रुईच्या झुडपांजवळ तांबूस-नारिंगी पंखांचं, काळ्या टोकांवर पांढरा पट्टा मिरवणारं फुलपाखरू संथपणे उडत होतं. ‘‘प्लेन टायगर!’’ मी जाहीर केलं. याच्या अळ्या रुई खातात, चिकातलं विष अंगात साठवतात. एकदा चाखून ओकलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

फुलपाखरू पंख पसरून बसलं. नात म्हणाली, ‘‘आबा, मागच्या पंखावरचे ठिपके मोजा ना.’’

प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. इथे एकच, तोही वरच्या कडेला! ही होती ‘डॅनाइड एगफ्लाय’ची मादी. अंगात विष नाही, पण वेश विषारी फुलपाखराचा. अशा सोंगाचं कोडं हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या निरीक्षणांवरून १८६२ साली उलगडलं होतं.

आम्ही आणखी शोधलं. पायाखाली घोळीची भाजी पसरली होती; या एगफ्लायच्या अळ्यांचं ते खाद्य. जवळच्याच दगडावर नर सापडला. काळेभोर पंख, त्यांवर जांभळ्या-निळ्या कडांचे पांढरे डाग. नवरा-बायको म्हणून कोणी ओळखणार नाही!

हसता हसता मला एक म्हातारे खातेदार आठवले. मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आले होते. हात थरथरत होता, सही जुळेना. दहा वर्षांच्या ओळखीचा माणूस समोर उभा. मी मात्र नियमावर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते साक्षीदार घेऊन आले, पैसे घेतले आणि खातं बंद करून गेले. मुलीचं काय झालं, हे विचारण्याचं धाडस मला झालं नाही.

टेकडीवर मी रंग पाहून सोंगाला खरं मानलं. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. काउंटरवर सही पाहून खऱ्या माणसाला खोटं ठरवलं होतं. दोन्हीकडे एकाच खुणेवर भागवलं, एवढीच चूक.

टेकडीवर गेलात, तर ठिपके जरूर मोजा. घाई नसते तिथे.