पिकअप तुमच्या नावावर आहे ना?

मैत्रिणींनो, तालुक्याच्या गावात आता दर चार घरांआड बोलेरो पिकअप नाहीतर टाटा योद्धा उभी दिसते. भाजी मार्केट, डेअरी, मंडपाचं सामान, सगळं तिच्यावरच चालतं. कर्जाच्या कागदावर पुष्कळदा सही बाईची असते, आरसी बुकही तिच्याच नावावर. पण गाडीचं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘ते ह्यांनाच माहीत!’ बचत गटांच्या बैठकीत हे मी नेहमी ऐकते. अहो, पण गाडीचा मालक कायद्याने तोच, ज्याचं नाव आरसीवर. मग थोडं तरी आपल्याला कळायला नको का?

सकाळची पाच मिनिटं

गाडी सुरू करण्याआधी सपाट जागेवर इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटची पातळी बघा. मात्र इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर उडतं. टायरची हवा गार टायरवरच तपासायची आणि किती भरायची ते कंपनीच्या स्टिकरवरून किंवा पुस्तकातून ठरवायचं. हवा कमी असेल तर भरल्या गाडीचा टायर तापून फुटू शकतो. स्टेपनी, जॅक आणि पान्हा जागेवर आहेत ना, हेही बघा.

शेतरस्त्याची धूळ एअर फिल्टरमध्ये बसली की डिझेल जास्त लागतं. डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी वेळेवर काढलं नाही, तर पुढचा खर्च मोठा. ब्रेकचे लायनर आवाज करू लागले की ‘पुढच्या खेपेनंतर बघू’ म्हणायचं नाही. खताची पोती वाहिली असतील तर हौदा त्याच दिवशी धुवा, नाहीतर पत्रा गंजतो.

हौसेला मोल आहे!

गाडी नवी असली की घरातल्या मुलांना हौस येते. पाट्यात जादा पान टाका, फाळके उंच करा, पुढे लोखंडी गार्ड लावा! जादा पानाने गाडी मागून बसत नाही, हे खरं. पण ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चासी तेवढीच राहते ना? वजन ओढायची सोय झाली, थांबवायची नाही झाली. उंच फाळक्यांनी माल वर चढतो आणि वळणावर गाडी कलंडायची भीती वाढते. लोखंडी गार्डवर तर केंद्र सरकारने २०१७ सालीच बंदीचे आदेश दिले. गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा वजनाला २० हजार रुपये दंड आहे, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. दिवे-हॉर्नसाठी वायर कापून जोड देऊ नका, शॉर्टसर्किट होतं.

मग करायचं काय? हौद्यात रबरी मॅट घाला, चांगली ताडपत्री घ्या, दोर बांधायला कड्या आणि चिखलासाठी मडफ्लॅप लावा, रिफ्लेक्टर पट्ट्या धुऊन ठेवा. पैसे इथे घालावेत.

हौद्यात माणसं नकोत

आता सगळ्यात महत्त्वाचं. खुरपणीला जाणाऱ्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, जत्रेची मंडळी, सगळी हौद्यात बसतात. ‘आपलीच माणसं, नाही कसं म्हणायचं?’ असं वाटतं. पण ही मालाची गाडी आहे. मालवाहू गाडीत अशी फुकट बसवलेली माणसं दगावली तर भरपाईची जबाबदारी विमा कंपनीची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला. मग ती भरपाई कुणी द्यायची? जिच्या नावावर गाडी, तिने! आणि गेलेली बाई कुणाच्या तरी घरची लेक-सून असते, ते वेगळंच.

एक वही घाला

किराणा लिहितो तशी गाडीची वही ठेवा. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, टायर कधी घेतले, हप्ता, विमा आणि पीयूसीची तारीख, सगळं त्यात. पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी करावं लागतं. मिस्त्रीने काय बदललं ते विचारा आणि जुना पार्ट मागून घ्या.

गाडी चालवता आली नाही तरी चालेल. पण जिचा हप्ता आपण भरतो, तिची नाडी आपल्या हातात हवी. उद्या सकाळी एकदा बॉनेट उघडायला लावा आणि ऑइलची पट्टी स्वतः काढून बघा!