तोतरेपणा : जिभेची अडचण आणि मनाचे कुंपण

तोतरे बोलणाऱ्या माणसाला शब्द सुचत नाही, असे नसते. काय बोलायचे ते त्याला पक्के ठाऊक असते. उच्चाराच्या वेळी मात्र एखादा वर्ण पुन्हा पुन्हा येतो, लांबतो किंवा घशातच अडतो. प्रौढांमध्ये शंभरात सुमारे एकाला ही अडचण असते. आनुवंशिकता आणि वाणीचे नियमन करणाऱ्या मेंदूतील यंत्रणेचे वेगळेपण यांचा तिच्याशी संबंध असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. भित्रा स्वभाव किंवा मंद बुद्धी हे तिचे कारण नव्हे.

तथापि अडचण एवढ्यावरच थांबत नाही. स्वतः तोतरे बोलणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली आहे. इतरांना ऐकू येणारे अडखळणे हा पाण्यावरचा लहानसा भाग होय. भीती, लाज आणि अपराधीपणाची भावना यांचा फार मोठा भाग पाण्याखाली असतो. ‘लोक हसतील’, ‘आधी वाणी सुधारू दे, मग नोकरीसाठी अर्ज करीन’ अशा समजुती तेथेच वाढतात. मग माणूस अवघड शब्द टाळून दुसरा योजतो, सभेत गप्प बसतो. प्रसंग टळला की त्याला हायसे वाटते, आणि तेच घातक ठरते. कारण बोललो असतो तर काय झाले असते, हे त्याला कधीच कळत नाही. समजूत कसोटीला न लागताच दृढ होत जाते. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो; म्हणूनच पुष्कळांना नाव सांगणे सर्वांत कठीण जाते.

वाणीचिकित्सक चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५-१९९४) यांनी स्वतः हे सारे भोगले होते. तरुणपणी बोलण्याच्या धास्तीने त्यांनी मुक्याबहिऱ्याचे सोंग घेऊन एका शेतावर मजुरी केली. पुढे प्रवासात त्यांना एक तोतरे वृद्ध गृहस्थ भेटले. या वयात झगडण्याचे त्राण उरले नाही, म्हणून आपण शब्दांना सावकाश बाहेर पडू देतो, असे त्या गृहस्थांनी सांगितले. अडखळणे दडपण्याऐवजी ताण न घेता अडखळायला शिकावे, हे सूत्र व्हॅन रायपर यांना त्यातून गवसले. मिशिगन राज्यातील कलामाझू येथे १९३६ साली त्यांनी चिकित्सालय सुरू केले. त्यांच्या उपचारपद्धतीत रुग्णाला मुद्दाम तोतरे बोलण्याचा सराव दिला जाई. दुकानात जावे, हेतुपुरस्सर अडखळावे आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे शांतपणे पाहावे. पुष्कळदा तो क्षणभर थांबतो आणि उत्तर देतो, एवढेच घडते.

क्वचित कोणी हसतोही. तेव्हा भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येत नाही. परंतु हसण्यानंतरही वाक्य पुरे करता येते, हा अनुभव कोणत्याही उपदेशाहून मोलाचा असतो. वाणीचिकित्सकाचे साहाय्य अवश्य घ्यावे. आपल्याकडे म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत ते मिळते. मात्र वाणी अस्खलित होईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवण्याचे कारण नाही. जे सांगायचे आहे ते अडखळत सांगितले, तरी ते सांगितले जातेच.